शून्य नंबरचा विद्यार्थी

बारकीने दाराला हात लावायच्या आतच दार उघडलं.

दाराशी कोणी नव्हतं. खोलीच्या मध्यावर एक शिडी, शिडीवर एक माणूस, खांद्यावर वायरचं वेटोळं आणि दातांत स्क्रू. तिथून त्याने हात कितीही लांबवला असता तरी कडीपर्यंत पोचला नसता. बाहेर धुकं दाटलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही.

“कोण पाहिजे?” स्क्रू दातांत धरूनच त्याने विचारलं.

“कोणी नको. खोली पाहिजे. आजपासून मी इथे बसणार.”

त्याने स्क्रू काढून हातात घेतला. “इथे कोणी बसत नाही.”

“मग मी काय, उभ्याने काम करू?”

माणूस हसला. हसला म्हणजे डोळ्यांनी हसला, ओठ तसेच. बारकीला ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून ती बारकी. लग्नाचं वय होऊन चाललं तरी नाव तेच राहिलं, आणि नाकावरचा रागही तोच.

“बसा हवं तिथे,” वायरमन खाली उतरत म्हणाला. “फक्त खिडकीजवळचा तो जुना कॉम्प्युटर बंद करू नका.”

“का, चावतो?”

“अजून तरी कोणाला नाही…”

एवढं बोलून तो शिडी उचलून गेला. बारकीने पर्स ठेवली आणि मुद्दाम त्या जुन्या कॉम्प्युटरपुढच्याच खुर्चीवर टेकली. नको म्हटलं की तिथेच जाणारी जात ती! पण टेकली तशी चटकन उठली. खुर्ची गरम होती. आत्ताच कोणीतरी बसून उठलंय, अशी गरम.

मग तिला दिसलं की कॉम्प्युटरच्या बाजूचा पंखा सरळ खुर्चीवर ऊन हवा फेकतोय. हात्तिच्या! ती स्वतःशीच हसली आणि दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसली. पाठ मात्र खिडकीकडे केली नाही.

तिचं काम काय, ते सांगायला हवं. कॉलेजात पोरं ढीगभर. दर आठवड्याला प्रत्येकाने एक प्रोग्रॅम लिहून पाठवायचा. ते सगळे डोळ्यांनी वाचायचे तर मास्तरांचे चष्मे जाड होतील आणि निकाल लागेपर्यंत पोरांना पोरं होतील. म्हणून बारकीसारखं माणूस ठेवतात. ती पोरांच्या प्रोग्रॅमना तपासणारे प्रोग्रॅम लिहिते. त्यांना म्हणायचं टेस्ट. मडकं घेताना आपण टिचकी मारून कानाशी धरतो, तसलंच हे. हा आकडा दिला तर काय सांगतोस? तो दिला तर? बरोबर आलं की मार्क, चुकलं की भोपळा. यंत्र टिचक्या मारतं आणि यंत्रच मार्क मांडतं. पण टिचकी नेमकी कुठे मारायची, ते सुचायला बारकीचं डोकं लागतं. आणि आपल्या डोक्याचा तिला भारी दिमाख.

तो दिमाख पहिल्याच दिवशी उतरला.

तिने पोरांसाठी सोपा प्रश्न ठेवला: दिलेल्या आकड्यांतला सगळ्यांत मोठा शोधा. चहाचा कप ओठाला लागतो न लागतो तोच पहिलं उत्तर येऊन पडलं. विद्यार्थी नंबर शून्य. सगळ्या टेस्ट पास, पैकीच्या पैकी मार्क.

एवढा उद्योगी कोण बाई, म्हणून तिने तो प्रोग्रॅम उघडला. देखणा होता. एक ओळ इकडची तिकडे नाही. पण नीट बघितलं तर त्याने सुरुवातीलाच धरून ठेवलं होतं की सगळ्यांत मोठा आकडा निदान शून्य तरी असणारच. आणि सगळेच आकडे शून्याच्या खालचे निघाले तर? कडाक्याच्या थंडीतलं तापमान असतं तसे? तर हा बेधडक शून्य सांगून मोकळा! जो आकडा दिलेलाच नाही, तो.

तसले आकडे बारकीने टेस्टमध्ये घातलेच नव्हते. चूक त्याची होती, पण ती न दिसण्याचा आंधळेपणा हिचा. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने मुकाट्याने नवी टेस्ट लिहिली. लगेच शून्य नंबरचं तेच उत्तर पुन्हा आलं, आणि या वेळी नापास झालं.

“सापडलास!” ती मोठ्याने म्हणाली.

खिडकीजवळचा पंखा घरघरला… थांबला… आणि पुन्हा हळूच सुरू झाला.

ऑफिसातल्या कारकुनाला तिने विचारलं, तर तो उडवून लावत म्हणाला, “मॅडम, हजेरी एकापासून सुरू होते. शून्यावर कोण कशाला बसेल?”

पण शून्य येत राहिला. दर आठवड्याला सगळ्यांच्या आधी. दर वेळी एकच चूक, केसाएवढी, आणि बरोब्बर तिथे, जिथे बारकीची नजर गेलेली नसायची. ती भोक बुजवायची, तो पुढच्या वेळी दुसरीकडून आत यायचा. पाठीला लागलेला डाग आपल्याला दिसत नाही. जवळचं माणूस असेल तर ते न बोलता बोट ठेवून दाखवतं, तसं होतं त्याचं. टोमणा नाही, हसणं नाही. इथे बघ, एवढंच.

इतकी वर्षं बारकीच्या चुका काढणारे खूप भेटले होते. तिच्या चुका इतक्या हळुवारपणे काढणारा हा पहिलाच.

आणि मग व्हायचं तेच झालं. सकाळी आरशापुढे वेळ जायला लागला.

“कोणासाठी गं एवढी नटतेस?” आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. आई गेल्यापासून बारकीला वाढवलं ते आत्याने. जिभेला धार अशी की भाजी चिरायला सुरी लागू नये.

“कॉम्प्युटरसाठी,” बारकी म्हणाली.

“मग त्याला म्हणावं मागणी घालायला ये. येताना वायर गुंडाळून आण, आमच्या दारात पाय अडकायला नको कोणाचा.”

वायर म्हटल्यावर बारकीला शिडीवरचा माणूस आठवला आणि ती आरशात लाल झाली. कारण शून्य म्हणजे तोच, असा तिचा संशय होता. तो सदा त्याच मजल्यावर घुटमळायचा. कधी दिवा बदलायला, कधी बटण बसवायला. बटणं काय रोज मोडतात? आणि आला की आधी खिडकीजवळच्या त्या कॉम्प्युटरकडे बघायचा. बारकीकडे मग. पण मग बघायचा ते असं, की ती टाइप करताना अक्षरं चुकायची.

“आज काय विसरले मी?” एकदा तिने जिन्यात वाट अडवून विचारलं.

“मला काय माहीत?”

“सगळं माहीत असतं तुम्हाला. चेहऱ्यावरून कळतं.”

“माझ्या चेहऱ्यावर काय आहे?”

“धूळ,” ती म्हणाली. बोलता बोलता हात पुढे गेला, आणि गालापाशी पोचून… मागे आला. तो दोन पायऱ्या उतरला. मग वळून म्हणाला, “त्या खोलीत फार उशिरापर्यंत बसत जाऊ नका, मॅडम.”

“का? भूत आहे?”

तो हसला नाही. डोळ्यांनीही नाही.

त्याच आठवड्यात बारकीने एक आगाऊपणा केला. पोरांना प्रश्न दिला: कोणी आपलं नाव दिलं की त्याला नावानिशी नमस्कार करणारा प्रोग्रॅम लिहा. आणि कोणी नाव न देताच बटण दाबलं तर काय होतं, ही टेस्ट तिने लिहिलीच नाही. विसरली नाही हं! सुचलं होतं, लिहायला बोटंही शिवशिवली होती. पण तिने ती जागा मोकळी सोडली. कोणी यायचं असलं की आपण दार नुसतं लोटून ठेवतो, कडी लावत नाही. तसं.

शून्यचं उत्तर आलं. बाहेर धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं. बारकीने त्याचा प्रोग्रॅम चालवला, नाव काही दिलं नाही, आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर एकच शब्द आला.

बसा.

तिचे तळहात गार पडले. पाठीमागे… नाही, बाजूला… ती रिकामी खुर्ची जराशी करकरली. बारकी उठून पळाली नाही. खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटली आणि लाजही, आणि दोन्हींतलं जास्त काय होतं ते तिचं तिलाच कळेना.

पण लोटून ठेवलेल्या दारातून एकटा पाहुणाच येतो असं थोडंच आहे? पुढच्याच आठवड्यात कॉलेजात पोरांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. विभागाच्या मोठ्या बाई, म्हणजे बारकीच्या वरिष्ठ, पाहुण्यांना घेऊन मिरवत होत्या. पैकीच्या पैकी मिळालेला एका पोराचा तोच नमस्काराचा प्रोग्रॅम समोर होता. मोठ्या बाईंनी घाईत नाव न देताच बटण दाबलं, आणि स्क्रीन जी गोठली ती गोठलीच. चार प्रतिष्ठित माणसं खोकल्याचं निमित्त करून हसली.

“हे पास कसं झालं?” मोठ्या बाईंनी बारकीला खोलीत बोलावून दार लावून विचारलं.

“ती टेस्ट मी घातली नव्हती.”

“विसरलात?”

खोटं बोलणं बारकीच्या जिवावर येई. “नाही. मुद्दाम नाही घातली.”

मग सगळंच बाहेर आलं. मोठ्या बाईंनी शून्य नंबरची उत्तरं बघितली, ती कुठून येतात ते शोधायला लावलं, आणि बोट थेट खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर आलं. “कोणी ठेवलंय हे धूड अजून चालू? परवा ते भंगारात जाईल. वायरमनला सांगा, त्याच्या हाताने काढू दे. आणि परत असला खेळ झाला तर त्याच्या मागोमाग तुम्ही.”

बारकीला नोकरीचं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की परवापासून शून्य येणार नाही.

ती तडक जिन्यात गेली. वायरमन कठड्याला टेकून उभा होता. बातमी पोचली होती, चेहरा उतरलेला.

“ऐका,” ती एका दमात म्हणाली. “तो कॉम्प्युटर गेला तर जाऊ दे. शून्य तुम्हीच आहात ते मला ठाऊक आहे. तुम्ही दुसरीकडून पाठवत जा. मला… मला त्याच्याशिवाय करमायचं नाही आता. बोलायला लावलंत ना शेवटी!”

तो तिच्याकडे बघत राहिला. सुखाने उजळावा तसा चेहरा क्षणभर उजळला आणि तिथेच विझला.

“मी नाही,” तो म्हणाला. “मला प्रोग्रॅमची एक ओळ लिहिता येत नाही. तो माझा दादा.”

“कुठे असतात ते?”

“नसतो.”

खाली कोणीतरी दार आपटलं. त्याचा आवाज जिन्यातून वर येऊन विरला.

“तुमच्या आधी तोच होता या कामावर,” वायरमन सांगू लागला. “खिडकीजवळ बसायचा. म्हणायचा, आपली टेस्ट खरी की नाही हे बघायचं तर मुद्दाम चुकणारा विद्यार्थी हवा. म्हणून त्याने त्या कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं. प्रश्नासोबत ठेवलेलं बरोबर उत्तर घ्यायचं, त्यात टेस्टच्या नजरेतून सुटेल अशी एक जागा बिघडवायची, आणि पाठवायचं. त्याचं नाव शून्य. मागल्या हिवाळ्यात दादा घरी आला तो तापाने फणफणत, आणि… सगळं बंद झालं. हे एक चालू राहिलं. मला बंद करवेना. वर येऊन पंख्याचा आवाज ऐकायचो. वाटायचं, बसलाय अजून.”

“पण तो माझ्याशी बोलला.” बारकीचा आवाज तिलाच परका वाटला. “नाव दिलं नाही तर म्हणाला, बसा.”

वायरमनचा हात कठड्यावर घट्ट झाला. “यंत्र एक जागा बिघडवतं, मॅडम. शब्द नाही घालत.” मग अगदी हळू म्हणाला, “दादा कामात असला आणि कोणी आलं, तर मान वर न करता म्हणायचा… बसा.”

त्या संध्याकाळी बारकी जेवली नाही. आत्याने ताट झाकलं, समोर येऊन बसली आणि सगळं काढून घेतलं. ऐकून घेईपर्यंत चेहरा गंभीर, ऐकून झाल्यावर तोंडाचा पट्टा सुरू.

“म्हणजे जो नाही त्याच्यावर तू भाळलीस, आणि जो आहे त्याला तोंडावर सांगून आलीस की मला दुसराच आवडतो? शाबास! एवढं शिकून हेच केलंस?”

“आत्या, तो माझ्या चुका…”

“चुका दाखवल्या, छान केलं. उपकार झाले, हात जोड. पण अगं, त्याला आता स्वतःला चुकता येत नाही. ज्याला चुकता येत नाही त्याच्याशी भांडणार कशी? आणि भांडणाशिवाय संसार कसा करणार, मला सांग?” ती उठली, दारापाशी थांबली. “आणि त्या दुसऱ्याचा भाऊ गेलाय. भावाला परत एकदा पोचवायचंय त्याला, तेही एकट्याने. जाशील का सोबतीला?”

बारकी गेली. कॉम्प्युटर काढायचा होता त्याच संध्याकाळी, पोरं घरी गेल्यावर. खोलीत दिवा नव्हता, धुक्याचा पांढरा उजेड होता तेवढाच. वायरमन कॉम्प्युटरपुढे गुडघ्यांवर बसला होता. प्लग हातात धरलेला, पण ओढत नव्हता.

बारकी शेजारी बसली. त्याच्या हातावर तिने हात ठेवला. खरखरीत हात, आणि इतका गार की तिला वाटलं, आधीच यायला हवं होतं.

“दादा,” तो म्हणाला.

दोघांनी मिळून प्लग ओढला. पंखा मंदावला… आणखी मंदावला… थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती खोली खरोखरची गप्प झाली.

आणि बारकीच्या टेबलावरची स्क्रीन उजळली. नवीन उत्तर आलं होतं. विद्यार्थी नंबर शून्य.

“वायर माझ्या हातात आहे,” वायरमन कुजबुजला. तिला नाही, स्वतःलाच सांगत होता.

बारकी उठली. नमस्काराचाच प्रोग्रॅम होता. सगळ्या टेस्ट पास. तिने तो उघडला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. तिने सोडून दिलेल्या सगळ्या कोपऱ्यांत शोधलं. चूक नव्हती. शून्य पहिल्यांदाच कुठेही चुकला नव्हता. मग तिने नाव न देता बटण दाबलं.

येतो.

वायरमन मागे येऊन उभा राहिला होता. त्याने ते वाचलं आणि निघणाऱ्या माणसाला द्यावा तसा किंचित मान हलवून निरोप दिला. मग तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिला, कितीतरी वेळ. बारकीने त्याच्याकडे बघितलं नाही. रडणाऱ्या पुरुषाकडे बघू नये, एवढं आत्याने शिकवलं होतं. नुसती उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल न लागेल अशी.

कॉम्प्युटर गेला. टेबलावर धुळीत त्याचा चौकोन तेवढा उरला. बारकीने नाव न देणाऱ्याची टेस्ट लिहून टाकली, आणि दार लोटून ठेवायचं सोडलं. वायरमन त्या मजल्यावर दिसेनासा झाला. बटणं मोडायची अचानक थांबली! ती जिन्यात उगाच रेंगाळायची. कठड्यावरून हात फिरवायची. आत्या विचारायची, “हल्ली आरसा मोकळा दिसतो घरातला?”

आणि मग एका धुरकट सकाळी उत्तर आलं. विद्यार्थी नंबर शून्य.

बारकीच्या मानेवर काटा आला. तिने उघडलं… आणि बघतच राहिली. अरे देवा, काय हा पसारा! ओळी वाकड्यातिकड्या, नावं चुकलेली, कंस उघडलेलेच नाहीत आणि बंद मात्र केलेत. नमस्काराच्याच प्रोग्रॅमची ही दशा! टेस्ट एकूण एक नापास. आधीचा शून्य एकच जागा बिघडवायचा. याने एकच जागा बरोबर ठेवली असती तरी खूप झालं असतं.

तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. असं चुकायला माणूस जिवंतच लागतो.

तिने त्याचे कंस लावून दिले, शुद्धलेखन नीट केलं आणि प्रोग्रॅम चालवला. एक नाव दिलं. दुसरं दिलं. आत्याचं दिलं, मोठ्या बाईंचं दिलं. कोणतंही नाव द्या, त्याचं उत्तर एकच.

नमस्कार, बारकी.

“पास झालो का?”

तो दारात उभा होता. हातात ना वायर, ना स्क्रू. शर्टाला इस्त्री.

“एकाही टेस्टमध्ये नाही,” ती मान वर न करता म्हणाली. वर केली असती तर सगळं दिसलं असतं. “घरचं नाव कोणी सांगितलं माझं?”

“तुमच्या आत्याबाई फोनवर ओरडतात, ते जिन्यात ऐकू येतं. दादाच्या नंबरवरून पाठवलं. मला दुसरा नंबर देणार कोण?”

“शिकायचं होतं तर विचारायचं होतं.”

“तुम्ही खिडकीकडे बघत बसायच्या… दादाच्या मध्ये मी लहानपणापासून कधी आलो नाही. आता येऊ का, ते विचारायला आलोय.”

बारकीने कीबोर्ड पुढे ओढला.

“यात एक टेस्ट पास होऊ शकते,” ती म्हणाली. “ज्यात येणाऱ्याचं नाव बारकी असेल, ती.”

“मग ती लिहा ना.”

“लिहिली.” आणि तिने बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. “झालास पास. पण एवढ्यावर भागणार नाही. रोज यावं लागेल तुला.”

तो ‘तू’ त्याला लागला. कानापर्यंत लाल झाला बिचारा. “बसू?” त्याने विचारलं आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून बसला, तसा ताडकन उठला. खुर्चीवर हात ठेवून बघितला. मग टेबलाकडे बघितलं, जिथे धुळीच्या चौकोनाखेरीज काही नव्हतं. पंखा नव्हता, वायर नव्हती. बाहेर कडाक्याची थंडी.

“ही गरम कशी?”

बारकीने खुर्चीकडे बघितलं. या वेळी तळहात गार पडले नाहीत. तिने आपल्या शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“तू इकडे ये,” ती म्हणाली. “ती रिकामी नाही.”